मिठाची पोती

गेल्या अंकात आम्ही घरातील दस्तऐवज कोठे व कसे जपून ठेवावेत याविषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनीने विचारले आहे की, कागद जपावेत हे ठीकच, पण ते वाचावयाचे कोणी आणि केव्हा? प्रश्न दिसावयास साधा आहे. त्याचे उत्तर आमच्या परिचयातील एका कुटुंबास दौलताबादच्या घाटात मिळाले, आणि त्याची किंमतही त्यांस रोख मोजावी लागली. ती हकीकत त्या कुटुंबाच्या अनुमतीने येथे सांगत आहो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही.

घर छत्रपती संभाजीनगरातील. तीन पिढ्या एका छपराखाली. घरातील वडील माणूस नाना. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. २०२० सालच्या दसऱ्यास घरात मोटार आली. पैसे धाकट्या चिरंजिवांनी भरले, पण नोंदणी नानांच्या नावे झाली; कारण आपल्या घरांत पहिली मोटार वडिलांच्याच नावे असावी असा संकेत आहे. २०२४ च्या श्रावणात एका सोमवारी ही मंडळी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनास गेली. परतताना खुलताबादेस भद्रा मारुतीचे दर्शन घेतले आणि दौलताबादचा घाट उतरू लागली. पाऊस लागलेला, रस्ता निसरडा. वळणावर समोर आलेल्या दुचाकीस्वारास वाचवावयाच्या प्रयत्नात मोटार कठड्यावर आदळली, आणि मागून येणारा टेम्पो तिच्यावर आदळला. देवाची कृपा म्हणून माणसे वाचली. माईंच्या मनगटाचे हाड मोडले, बाकीच्यांस खरचटण्यावर निभावले. मोटारीचा मात्र पुढून आणि मागून चुराडा झाला. दौलताबाद ठाण्यात खबर दिली, पंचनामा झाला, आणि मोटार क्रेनने उचलून गॅरेजात नेण्यात आली.

पहिले आठ दिवस घरात कृतज्ञतेचे गेले. कोणी म्हणे पुण्याई फळास आली, कोणी म्हणे मोटार गेली तर गेली, विमा आहेच. हे 'विमा आहेच' शब्द आपण सर्वच मोठ्या विश्वासाने उच्चारतो. पण कशाचा विमा, किती रकमेचा आणि कोणत्या अटींवर, हे त्या घरात कोणासही ठाऊक नव्हते. पॉलिसीचा कागद थोरल्या नातवाच्या भ्रमणध्वनीत होता, आणि तो त्यानेही वाचलेला नव्हता.

गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज ४,१०,००० रुपयांचा दिला. त्यानंतर चार दिवसांनी कंपनीच्या माणसाचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, "नाना, तुमची गाडी टोटल लॉसमध्ये जाते. बाजारात आज अशी गाडी साडेचार लाखांस मिळते. सांगाडा तुमच्याकडेच राहील, त्याचे एक लाख दहा हजार वजा करू. ३,४०,००० रुपये मंजूर करून घेतो. उद्या सही द्या, आठवड्यात पैसे जमा होतील." बोलणे आर्जवाचे होते. इकडे गॅरेजवाल्यानेही सांगून ठेवले होते की, मोटार हलविली नाही तर जागेचे भाडे रोजच्या रोज चढेल. नाना सही करावयास निघालेच होते. सूनबाईंनी त्यांस थांबविले. त्या एका सहकारी पतपेढीत हिशेबनीस आहेत. त्या म्हणाल्या, "नाना, आकडा ऐकला, पण हिशेब पाहिला नाही. एक दिवस थांबावे."

त्या रात्री पॉलिसीचा कागद प्रथमच छापून घरात वाचला गेला. तो वाचून होताच नाना बराच वेळ स्तब्ध बसले आणि मग म्हणाले, "तीस वर्षे मी मुलांना मिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगितली, आणि माझ्याच कोठीतली पोती कधी उघडून पाहिली नाहीत."

ती गोष्ट ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण ती त्याच घाटाखालच्या किल्ल्याची आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात देवगिरीवर चालून आला, तेव्हा रामदेवराव यादवाचे मोठे सैन्य पुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते. राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती तेथे पडली होती. ती धान्याची समजून घाईघाईने किल्ल्यात ओढून घेण्यात आली. पुढे तहाचे बोलणे झाले. इतक्यात शंकरदेव परतला, लढाई झाली व तो हरला. आता किल्ला लढवावयाचा म्हणून पोती उघडली, तो आत मीठ! ज्याच्या कोठीत धान्य नाही त्याने अटी कशाच्या घालाव्यात? पहिल्यापेक्षा कितीतरी जड खंडणी कबूल करून राजास तह करावा लागला. तो दुर्ग जागच्या जागी होता. चुकले ते एवढेच की, पोती आत घेताना कोणी उघडून पाहिली नाहीत.

आता नानांच्या पोत्यांत काय होते ते पाहू.

मोटारीच्या विम्यात सर्वांत महत्त्वाचा एकच आकडा असतो. त्यास आय.डी.व्ही., म्हणजे विमाधारकाने घोषित केलेली किंमत, असे म्हणतात. मोटार चोरीस गेली अथवा पूर्ण नष्ट झाली तर कंपनी जास्तीत जास्त जे देणे लागते ते हे. उत्पादकाच्या यादीतील किंमत घ्यावयाची आणि वयाप्रमाणे घट वजा करावयाची, असा त्याचा हिशेब आहे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाप्रमाणे ही घट पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के धरली जाते. पाच वर्षांपुढे उभयतांनी ठरवावे लागते. नानांच्या मोटारीची यादीतील किंमत ९ लाख. चौथ्या वर्षाची घट ४० टक्के. म्हणजे आकडा ५,४०,००० हवा होता. कागदावर होता ४,८६,०००.

हे कसे झाले? मागील दसऱ्यास नूतनीकरण करताना नातवास पडद्यावर किंमत थोडी खाली-वर करण्याची मुभा दिसली. ती खाली ओढली की हप्ता कमी होत होता. त्याने दहा टक्के खाली ओढली आणि हजाराच्या आत रक्कम वाचविली. त्याचे त्या दिवशी घरात कौतुकही झाले होते! त्या बचतीपोटी ५४,००० रुपये घरानेच सोडून दिले होते, आणि ते आता कोणत्याही वाटाघाटीने परत येणार नव्हते. मुलगा ओशाळून म्हणाला, "आजोबा, मला वाटले, हप्ता कमी तो चांगला." नाना त्यास रागावले नाहीत. कागदावर विमाधारक म्हणून नाव आपले होते, हे त्यांस ठाऊक होते.

याच कागदात दुसरे एक पोते होते. 'झीरो डेप' नावाची जोड घेतली असल्यामुळे आपणांस पूर्ण किंमत मिळेल, असा घरात समज होता. ती जोड दुरुस्तीतील सुट्या भागांची घट भरून देते. मोटार समूळ गेली तर तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाची निराळी जोड असते, व ती साधारणतः मोटार नवी असेपर्यंतच मिळते.

तथापि सर्वच पोती मिठाची नव्हती, हे सूनबाईंनी शोधून काढले. त्यांनी कंपनीच्या आकड्याचे दोन भाग केले. पहिला भाग बाजारभावाचा. दरपत्रकाचा नियम असा की, पॉलिसीच्या मुदतीत घोषित किंमत हाच बाजारभाव मानावयाचा. पूर्ण नुकसानीच्या दाव्यात त्यातून पुन्हा घट काढावयाची नाही. दुरुस्तीचा खर्च घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की मोटार पूर्ण नष्ट झाल्याचे मानले जाते. येथे ७५ टक्के म्हणजे ३,६४,५००; अंदाज होता ४,१०,०००. सबब हिशेब ४,८६,००० पासूनच सुरू व्हावयास हवा होता. त्यातून प्रत्येक दाव्यास विमाधारकाने सोसावयाचे सक्तीचे १,००० रुपये (दीड हजार सी.सी. पर्यंतच्या मोटारींस इतके, त्यावरच्यांस २,०००) वजा जाता ४,८५,०००. साडेचार लाखांचा बाजारभाव येथे आणण्याचा अधिकार कोणासच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निवाड्यात विमा कंपन्यांच्या याच रीतीवर कडक ताशेरे ओढले आहेत: ज्या किमतीवर हप्ता घेतला, ती किंमत पैसे देण्याची वेळ येताच नाकारावयाची, हे न्याय्य नव्हे.

दुसरा भाग सांगाड्याचा. शहरातील भंगारवाल्यांकडे सूनबाई स्वतः जाऊन आल्या. कोणीही ८०,००० च्या वर देईना. म्हणजे पहिला देकार स्वीकारला असता तर ३,४०,००० आणि ८०,००० मिळून ४,२०,००० हाती आले असते. आणि सांगाडा विकण्याची यातायात निराळीच. त्यांनी कंपनीस पत्र लिहिले. ते आम्ही पाहिले आहे. त्यात राग नाही, गयावया नाही, कोर्टाची धमकी नाही. चारच मुद्दे आहेत. देकाराचा हिशेब लेखी द्यावा. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत द्यावी. घोषित किंमत हाच आधार धरावा. आणि सांगाडा एक लाख दहा हजारांचा आहे असे कंपनीचे मत असेल, तर त्या किमतीस तो घेणारा गिऱ्हाईक कंपनीनेच आणावा. आम्ही मोटारी विकणारे नव्हे. शिवाय सर्वेक्षकाची लेखी संमती घेऊन त्यांनी मोटार गॅरेजातून काढून घराच्या आवारात आणून ठेविली. वेढ्यातील माणसास शत्रूपेक्षा उपासमारच अधिक लवकर शरण आणते. रोजचे जागाभाडे ही त्या वेढ्यातील उपासमार होती. ती थांबताच घाई संपली.

पत्रोत्तरास बारा दिवस लागले. मध्यंतरी दूरध्वनी येत राहिले: आता ३,५५,०००, मग ३,७०,०००. प्रत्येक वेळी सूनबाईंचे उत्तर एकच, "कृपा करून हे लिहून पाठवावे." लिहून कोणी पाठविले नाही; कारण बोलताना जे सहज खपते ते कागदावर उतरताना अडखळते. शेवटी कंपनीने सांगाडा आपल्या यादीवरील व्यापाऱ्यांपुढे लिलावास मांडला, आणि गंमत अशी की, बोली १,२२,००० पर्यंत चढली! ती रक्कम व्यापाऱ्याने नानांस दिली. उरलेले ३,६३,००० कंपनीने दिले. बेरीज ४,८५,०००. पहिल्या देकाराच्या मानाने घरास ६५,००० रुपये अधिक मिळाले. यासाठी मोठा आवाज कोणीही केला नाही.

या साऱ्यातून वाचकांनी उचलावयाच्या काही गोष्टी आहेत. पहिली मुदतीची. जून २०२४ मध्ये विमा नियामकाने काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, दाव्याची खबर मिळताच २४ तासांत सर्वेक्षक नेमावयाचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळवावयाचा आणि तो आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यावयाचा, असे कंपनीवर बंधन आहे. म्हणून खबर दिल्याची तारीख व वेळ लिहून ठेवावी. दुसरी सर्वेक्षकाविषयी. त्याचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीपकुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुरावा असेल तर त्याविरुद्ध बोलता येते. पुरावा मात्र हवा.

तिसरी सहीची. पैसे देण्यापूर्वी कंपनी 'पूर्ण व अंतिम' अशा अर्थाच्या पावतीवर सही मागते. १९९९ च्या अजमेरसिंग कॉटन मिल्सच्या निवाड्यात न्यायालयाने म्हटले आहे की, अशी सही फसवून अथवा दडपण आणून घेतली असेल तर पुढील तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. पण फसवणूक वा दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच पडतो. तेव्हा सहीनंतर पस्तावण्यापेक्षा सहीपूर्वी थांबणे शतपटीने सोपे. आणि कंपनीशी जमेनासेच झाले तर प्रथम तिच्याच तक्रार विभागास लेखी कळवावे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करण्याची सोय दिली आहे.

चौथी गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते, आणि धोका मात्र तिच्यातच सर्वांत मोठा आहे. पैसे हाती आले, सांगाडा गेला, म्हणजे संबंध संपला असे नव्हे. सरकारी नोंदीत मोटार नानांच्याच नावे होती. अशा सांगाड्याचे नोंदणीपत्र चोरीच्या मोटारीस चिकटविण्याचे धंदे देशात अनेकदा उघडकीस आले आहेत. शिवाय २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मोटार कितीही हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. म्हणजे आपण कधी न पाहिलेल्या माणसाने आपल्या जुन्या मोटारीने कोणास जायबंदी केले, तर नोटीस आपल्या उंबऱ्यावर येणार! मोटार कायमची निकामी झाली असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून नोंदणी रद्द करवावी. सांगाडा घेणारा ती दुरुस्त करणार असेल तर नाव बदलून घेतल्यावाचून मूळ नोंदणीपत्र हातचे सोडू नये. सूनबाईंनी तेच केले. व्यापारी कुरकुरला, पण दिल्याघेतल्याची नोंद झाल्यावरच मोटार आवाराबाहेर गेली.

एक नाजूक गोष्टही सांगणे अवश्य आहे. गॅरेजवाल्याने प्रथम दिवशीच सुचविले होते की, मागील पावसाळ्यातील डाव्या दाराची पोच याच अपघातात घालू आणि नसलेल्या दोन वस्तूही लिहू, सगळेच करतात. धाकटे चिरंजीव क्षणभर कललेही. नाना म्हणाले, "एक खोटी ओळ लिहिली की बाकीच्या खऱ्या ओळींसाठी भांडण्याचा आपला हक्क गेला." हे केवळ नीतीचे वचन नव्हते. खोट्या कथनावरून सबंध दावा नाकारण्याचा अधिकार पॉलिसीच कंपनीस देते. सूनबाईंच्या पत्रातील सरळपणास जे बळ होते, ते या नकारातून आलेले होते.

आमच्या घरांत कर्ता पुरुष, जाणत्या स्त्रिया, शिकलेली मुले असे सर्व काही असते. पण एकाने पैसे द्यावे, दुसऱ्याने सही करावी, तिसऱ्याने बटन दाबावे आणि कागद मात्र कोणीच वाचू नये, असेही त्याच घरांत घडते. जबाबदारी सर्वांची झाली की ती कोणाचीच राहत नाही. एकत्र कुटुंबाचे सामर्थ्य जसे मोठे, तशी ही उणीवही मोठी आहे. घरातील प्रत्येक विम्याचा कागद वर्षातून एकदा दोघांनी मिळून वाचावा. त्यांपैकी एक जण तरी असा असावा, ज्यास आकड्यांची भीती वाटत नाही. आणि नूतनीकरणाच्या वेळी हप्ता किती कमी झाला हे विचारण्याआधी घोषित किंमत किती राहिली हे विचारावे.

त्या वर्षीच्या दसऱ्यास त्या घरापुढे मोटार नव्हती. पुढे एक जुनी, पण धडधाकट मोटार त्यांनी घेतली. आता खंडेनवमीस घरातील हत्यारे, पुस्तके व वाहने यांची पूजा होते, तेव्हा झेंडूच्या माळेजवळ पॉलिसीचा छापील कागदही पाटावर येतो. पूजा आटोपली की नातू तो मोठ्याने वाचतो, सूनबाई आकडा ताडून पाहतात आणि नाना शेवटी सही करतात. माई हसून विचारतात, "पोती पाहिलीत ना उघडून?" हा नवा कुळाचार आम्हांस फार आवडला. वाचकांनीही तो आपल्या घरी सुरू करावा अशी आमची विनंती आहे.